तेरा सामने, तेरा विजय, पाचवा नंबर

पोस्टमनकाका कोऱ्या कागदावर कधी यादी करत नाहीत. विजेचं बिल, दाताच्या डॉक्टरांचं आठवणपत्र, गालिचे धुऊन देणाऱ्या कुणाची जाहिरात, त्या आठवड्यात टपालातून जे काही आलं असेल त्याचं पाकीट ते कडेनं सुरीनं उकलतात, उलटं करतात आणि आतल्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलमधल्या पंचवीस सरस टीमची नावं क्रमानं लिहून काढतात. सप्टेंबर ते डिसेंबर, दर रविवारी सकाळी, चर्चला जाण्याआधी. नोव्हेंबर लागला की मंगळवारी रात्री टीव्हीवर, टीमची क्रमवारी ठरवणाऱ्या कमिटीची यादी जाहीर होऊ लागते. मग ते पाकीट घडी घालून खिशात ठेवतात आणि आमचं दार वाजवतात. आमचा टीव्ही मोठा आहे, आणि आल्याचा चहा त्यांना त्यांच्या घरी मिळत नाही.

त्यांचं नाव वेगळंच आहे, पण आमच्या घरात ते पोस्टमनकाका. एकतीस वर्षं कोलंबसच्या रस्त्यांवर टपाल वाटून निवृत्त झालेले. आम्ही इथं ओहायोत येऊन चौदा वर्षं झाली. मुलाला हे संबोधन मीच शिकवलं होतं. त्याचा अर्थ कळल्यावर ते इतके खूश झाले की एका नाताळच्या भेटकार्डावर त्यांनी सही म्हणून वेड्यावाकड्या देवनागरीत 'काका' एवढंच लिहिलं होतं.

आल्या वर्षी मला वाटलं होतं, कॉलेज फुटबॉल म्हणजे कॉलेजच्या पोरांचा खेळ, आपला काय संबंध. सप्टेंबरातल्या एका शनिवारी दूध आणायला बाहेर पडलो तर वाणसामानाच्या दुकानातली यच्चयावत माणसं लाल कपड्यांत. काउंटरवरच्या आजीबाईंच्या कानात लाल डूल. ओहायो स्टेट विद्यापीठाचं मैदान घोड्याच्या नालेच्या आकाराचं आहे, त्यात १,०२,७८० माणसं बसतात, आणि सामन्याच्या दिवशी न बसलेली माणसं त्याच्या आसपास उभी असतात. वर्षातला शेवटचा साखळी सामना मिशिगनशी. पण इथली जुनी माणसं 'मिशिगन' म्हणत नाहीत. 'ती उत्तरेकडची टीम' म्हणतात. वुडी हेज नावाच्या प्रशिक्षकानं पाडलेली ही रीत. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या 'एम' या अक्षरावर लाल चिकटपट्टीची फुली मारतात. माझी आजी आजोबांचं नाव घ्यायची नाही, 'हे' म्हणायची. तिथं आदर होता आणि इथं काय आहे ते सांगायला नको, पण हे व्रत मला ओळखीचं वाटलं आणि मी पाघळलो.

खेळाचं वेड लागलं त्यापेक्षा जास्त लागलं ते यादीचं. आम्ही गुणवत्ता यादीच्या काळातली माणसं. अमक्याचा मुलगा 'बोर्डात आला' हे वाक्य ऐकून ज्यांच्या पोटात खड्डा पडायचा, त्या पिढीतला मी. पण आमच्या त्या यादीमागं निदान गुणांची बेरीज असायची. इथं ऑगस्टमध्ये, एकही सामना झालेला नसताना, पहिली यादी लागते. म्हणजे परीक्षेआधी गुणवत्ता यादी. आणि मग वर्षभर टीम जिंकत राहते ती पहिल्या दिवशी मिळालेली जागा राखायला, किंवा न मिळालेली मिळवायला.

साताऱ्याला आईला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं सरळ विचारलं, "मग एकदा खेळूनच का नाही बघत, कोण पहिला ते?"

प्रश्न चुकीचा नाही. पण वरच्या श्रेणीत २०२५ साली १३६ टीम होत्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला डिसेंबरपर्यंत बारा सामने येतात. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं तर ९,१८० सामने होतील. हा खेळ असा की एका सामन्यानंतर अंगाला आठवडाभर विश्रांती लागते; म्हणजे एकेका टीमला अडीच वर्षांहून जास्त पुरेल एवढं काम. तोवर खेळणारी पोरं पदवी घेऊन नोकरीला लागलेली असतील. शिवाय या टीम वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटांमध्ये, वाटलेल्या. अलाबामाची टीम ज्यांच्याशी खेळते त्यांच्याशी ओहायोची बहुतेक वर्षी खेळतच नाही. तेव्हा कोण कुणापेक्षा सरस हे ठरवायला उरतं ते माणसाचं मत. आई म्हणाली, "म्हणजे स्थळं बघतात तसं." मी हो म्हटलं. याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

मतांची ही शर्यत मुळात वर्तमानपत्रवाल्यांची. १९३६ साली असोसिएटेड प्रेसचे क्रीडा संपादक ॲलन गूल्ड यांनी देशभरच्या पत्रकारांची मतं घेऊन दर आठवड्याला क्रमवारी छापायला सुरुवात केली. दोन शनिवारांच्या मध्ये लोकांना भांडायला काहीतरी हवं, हा उद्देश, आणि तो त्यांनी पुढं कधी लपवलाही नाही. मला हे फार आवडतं. सत्य शोधायला नव्हे, भांडणासाठी काढलेली यादी, आणि तीच पुढं सत्य होऊन बसली. मत देणारा प्रत्येक जण पंचवीस टीम लिहितो. पहिलीला पंचवीस गुण, शेवटचीला एक. बेरीज करा, झाला राष्ट्रीय विजेता. कित्येक वर्षं ही शेवटची बेरीज जानेवारीतले मोठे सामने व्हायच्या आधीच करून टाकत. म्हणजे विजेता जाहीर झाल्यावर विजेता हरू शकायचा, आणि हरायचाही. १९५० पासून प्रशिक्षकांचा वेगळा कौल निघू लागला. तेव्हापासून एका वर्षी दोन विजेते होण्याची सोय झाली, आणि ती सोय लोकांनी पुरेपूर वापरली.

पोस्टमनकाकांना यातलं प्रत्येक वर्ष तोंडपाठ आहे. १९६६ काढलं की ते चहाचा कप खाली ठेवतात. नोटर डेम आणि मिशिगन स्टेट, दोघंही अपराजित, ईस्ट लान्सिंगच्या मैदानावर. १०–१० अशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटात नोटर डेमच्या हातात चेंडू होता, आणि त्यांच्या प्रशिक्षकांनी जिंकायचा धोका न पत्करता वेळ काढला. सामना बरोबरीत सुटला, आणि पत्रकारांनी नोटर डेमलाच पहिला नंबर दिला. त्या वर्षी सगळेच्या सगळे सामने जिंकलेली अलाबामाची टीम तिसरी. (अलाबामाच्या संघात तेव्हा एकही काळा खेळाडू नव्हता, हे मी दर वेळी म्हणतो. काका दर वेळी मान हलवतात आणि म्हणतात, "तेही खरं. पण बरोबरी ती बरोबरी.")

१९९० मात्र माझं आवडतं वर्ष. या खेळात दहा यार्ड पुढं जायला चार प्रयत्न मिळतात. कोलोरॅडो विरुद्ध मिझुरी, सामना संपत आलेला, आणि पंचांची मोजणी चुकली. कोलोरॅडोला पाचवा प्रयत्न मिळाला. त्याच पाचव्या प्रयत्नात त्यांनी टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, आणि ३३–३१ ने जिंकले. निकाल बदलला नाही. हंगामाअखेर पत्रकारांचा पहिला नंबर: कोलोरॅडो. प्रशिक्षकांचा: एकही सामना न हरलेली जॉर्जिया टेक. सगळ्या मैदानभर माणसं, आणि एकालाही चारपर्यंत मोजता येऊ नये!

परीक्षकांवर चिडणं मला नवं नाही. पुण्यात कॉलेजात असताना आम्ही पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिराबाहेर निकालाची वाट बघत रात्री उभे राहिलो आहोत. घसा बसेपर्यंत 'आव्वाज कुणाचा' ओरडलो आहोत. आमच्या एकांकिकेचं नाव आलं नाही त्या रात्री, परीक्षकांना नाटकातलं काही कळत नाही हे मत मी टिळक रस्ता ते थेट कोथरूड एवढ्या अंतरात सिद्ध केलं होतं. त्याच करंडकाच्या परीक्षकांनी २०२२ साली एकही एकांकिका त्या दर्जाची नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही. ही गोष्ट काकांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ हसले. म्हणाले, "असं इथं झालं तर त्या कमिटीला टेक्सासबाहेर पडता यायचं नाही."

कमिटी म्हणजे तेरा माणसांची. २०१४ पासून पत्रकारांचे कौल शोभेपुरते उरले आणि विजेतेपदाच्या बाद फेरीत, म्हणजे 'प्लेऑफ'मध्ये, कोणत्या टीम (तेव्हा चार) खेळणार हा खरा निर्णय ही कमिटी घेऊ लागली. डॅलसजवळ ग्रेपव्हाइन नावाच्या गावातल्या एका मोठ्या हॉटेलात ही माणसं बसतात. विद्यापीठांचे क्रीडा संचालक, निवृत्त प्रशिक्षक, जुने खेळाडू. पहिल्या कमिटीत तर अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलिझा राइसही होत्या. अणुकरार हाताळलेली बाई आता टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) चौथी की सहावी ते ठरवणार. आपल्या विद्यापीठाचा विषय निघाला की त्या सदस्यानं खोलीबाहेर जायचं, असा नियम आहे. २०१४ च्या शेवटच्या आठवड्यात तिसऱ्या नंबरची टीसीयू ५५–३ ने जिंकली आणि सहावी झाली. आमची ओहायो स्टेट तिसऱ्या फळीचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा मुख्य खेळाडू) खेळवून ५९–० ने जिंकली, चौथी आली आणि पुढं विजेती ठरली. तेव्हा मी फटाके उडवले होते. टीसीयूवाल्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

या वादात दोन शब्द सतत येतात. 'बेस्ट' आणि 'डिझर्व्हिंग'. सरस कोण आणि लायक कोण. ऐकायला एकच वाटतात, पण हंगामाच्या शेवटी त्यांची तोंडं दोन दिशांना होतात. लायक ठरवायचं तर मागं बघायचं: कुणाला हरवलं, कुठं हरवलं, किती हरले. सरस ठरवायचं तर पुढं बघायचं: उद्या या दोघांना समोरासमोर उभं केलं तर कोण जिंकेल. पहिल्यात हिशेब असतो, दुसऱ्यात भाकीत. टीव्हीवरची माणसं एका वाक्यात हिशेबानं सुरुवात करून त्याच वाक्यात भाकितावर संपवतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्याही आलं नसतं. पण २०२३ चा ३ डिसेंबर उजाडला.

त्या दिवशी रविवार होता. दुपारी कमिटी शेवटचे चार जाहीर करणार होती. आदल्याच आठवड्यात आम्ही उत्तरेकडच्या टीमकडून ३०–२४ ने हरलो होतो, त्यामुळं आमच्या गल्लीतलं सुतक नुकतं कुठं फिटत होतं आणि आपण शर्यतीत नाही म्हटल्यावर डोकंही जरा शांत होतं. बायकोनं पोहे केले होते. काका पाकीट घेऊन बसले होते. त्यावर पहिल्या क्रमांकाला नावाऐवजी एक आडवी रेघ. रेघ म्हणजे ते, उत्तरेकडचे.

पहिल्या तीन जागांवर फारसा वाद नव्हता: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास. चौथ्या जागेला दोघं. फ्लोरिडा स्टेट, कॉन्फरन्सचा अंतिम सामना धरून तेरा सामने, तेरा विजय. आणि अलाबामा, तेरात एक हार. ती हार सप्टेंबरात, घरच्या मैदानावर, टेक्सासकडून. अलाबामाचं तर एक आठवडा आधी ऑबर्नविरुद्ध जवळजवळ आटोपलंच होतं. चौथा आणि शेवटचा प्रयत्न, रेषा एकतीस यार्ड लांब, बत्तीस सेकंद बाकी, आणि तिथून टचडाउन. पण आदल्या शनिवारी त्यांनी ओळीनं एकोणतीस सामने जिंकलेल्या जॉर्जियाला हरवलं होतं. आणि फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस, ज्याच्या जिवावर ती टीम तिथवर आली होती, त्याचा पाय १८ नोव्हेंबरला मोडला होता. त्याच्यानंतरच्याला डोक्याला मार लागला. लुइव्हिलविरुद्धचा शेवटचा सामना त्यांनी तिसऱ्या, पहिल्या वर्षातल्या पोराला घेऊन १६–६ असा जिंकला. बघवत नव्हतं, पण जिंकला.

मी फ्लोरिडा स्टेटच्या बाजूनं. काका अलाबामाच्या.

"पुढच्या शनिवारी यातल्या कुणाशी खेळायची तुला भीती वाटेल? तो वर," काका म्हणाले.

"मग सामने घेता कशाला? भीती मोजायचं यंत्र लावा," मी म्हणालो. मी उभा राहूनच बोलत होतो. प्लेटमधले पोहे गार झाले होते. तेरापैकी तेरा. जे समोर आलं ते सगळं केलं. याहून जास्त माणसानं करायचं काय? एक जण जायबंदी झाला म्हणून बाकीच्यांनी वर्षभर केलेलं पुसून टाकायचं?

जाहीर झालं: चौथी अलाबामा, पाचवी फ्लोरिडा स्टेट. कमिटी आल्यापासून मोठ्या कॉन्फरन्सची अपराजित विजेती टीम बाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ. कमिटीच्या अध्यक्षांनी सांगितलं, त्यांच्या क्वार्टरबॅकशिवाय ती टीम वेगळी आहे. नियमांत तशी तरतूद होतीच: महत्त्वाचे खेळाडू उपलब्ध नसणं. 'अनअव्हेलेबिलिटी'. जॉर्डन ट्रॅव्हिसनं त्या दिवशी लिहिलं की माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, मग ही टीम फक्त क्वार्टरबॅकची नाही हे तुम्हाला दिसलं असतं. त्यानं माफीही मागितली. पाय मोडल्याबद्दल.

फ्लोरिडाच्या राज्यपालांनी खटल्यासाठी अर्थसंकल्पात दहा लाख डॉलर मांडले ते दोन दिवसांनी. मी माझा खटला त्याच क्षणी दिवाणखान्यात सुरू केला होता. बायको प्लेटा उचलत होती. ती मराठीत, काकांना कळू नये अशा बेतानं, अगदी सहज म्हणाली, "आणि बुधवारी तू काय केलंस रे?"

बुधवारी आमचं कॅलिब्रेशन होतं.

मी एका विमा कंपनीत काम करतो. वर्षअखेरीला सात मॅनेजर एका खोलीत बसतात आणि आपापल्या माणसांना क्रम लावतात. वरच्या गटात जागा मोजक्या. त्यात जो बसतो त्याचा बोनस काही हजार डॉलरनं वाढतो आणि पुढच्या बढतीचा रस्ता उघडतो. आपल्या माणसाचा विषय निघाल्यावर आम्ही खोलीबाहेर जात नाही. उलट त्याच वेळी जास्त बोलायचं असतं.

माझ्या टीममधल्या एकीचं नाव मी त्या वर्षी वर नेलं होतं. माझ्यापेक्षा वयानं मोठी, कमी बोलणारी. दाव्यांची जुनी प्रणाली नव्या प्रणालीवर हलवायचं काम तिनं जानेवारी ते सप्टेंबर ओढून नेलं. नऊ टप्पे, एकही मागं घ्यावा लागला नाही. हे काम करणाऱ्यांना ठाऊक आहे की हे जवळजवळ होत नाही. ऑक्टोबरात तिच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि ती रजेवर गेली.

बुधवारी एक जागा उरली होती आणि दोन नावं होती. ती, आणि दुसऱ्या टीममधला एक तरुण मुलगा. हुशार, चुणचुणीत, दोनदा आपटलेला पण सावरलेला. 'आजारपण' हा शब्द त्या खोलीत कुणी काढला नाही. काढायचा नसतो, कायदा आहे. आमच्या वरिष्ठांनी एवढंच विचारलं की वसंतात सुरू होणाऱ्या मोठ्या कामाला कोण अव्हेलेबल असेल. सगळे माझ्याकडे बघत होते. मला ते नऊ टप्पे पुन्हा एकदा सांगता आले असते. माझ्यापुढं कागद होता, त्यावर तारखा होत्या. मी म्हणालो, "त्याला द्यायला माझी हरकत नाही."

दहा सेकंदांचं काम. मग आम्ही जेवायला गेलो.

जानेवारीत ती कामावर परतली. आमच्या पहिल्या भेटीत तिनं शांतपणे विचारलं, मी काय वेगळं करायला हवं होतं? मी म्हणालो, यंदा स्पर्धा फार होती. ती थोडं हसली. तेव्हा मला कळलं की डॉक्टरांनी तिला ऑपरेशन मार्चमध्येच करून घे म्हणून सांगितलं होतं, आणि काम मध्येच सोडायचं नाही म्हणून तिनं ते सहा-सात महिने पुढं ढकललं होतं. "मार्चमध्येच करून घ्यायला हवं होतं," ती म्हणाली. त्या उन्हाळ्यात ती दुसरीकडे गेली.

मधल्या काळात, ३० डिसेंबरला, फ्लोरिडा स्टेटला जॉर्जियानं ६३–३ असं धुतलं. त्यांचे कित्येक चांगले खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नव्हते, त्यामुळं त्यातून काहीच सिद्ध होत नाही, असं मी काकांना सांगितलं. काका काही बोलले नाहीत. तो आकडा बघून मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. कमिटी चुकली नसेल तर त्या बुधवारी मीही चुकलो नसेन, असा तो हिशेब होता.

शेवटी मे महिन्यात, ते अंगणात टोमॅटोची रोपं लावत असताना, मी काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते अलाबामाच्या बाजूनं आहेत म्हणजे माझ्याही बाजूनं असतील. त्यांनी हातमोजे काढले आणि विचारलं, "म्हणजे तुझं कामच आहे का हे? माणसांना नंबर लावणं?"

वर्षातून एकदा, मी म्हणालो.

मग त्यांनी त्यांच्या नोकरीचं सांगितलं. टपाल वाटणाऱ्यांना फेरीचा रस्ता मिळतो तो सीनियॉरिटीनं. एखादा रस्ता रिकामा झाला की सूचनाफलकावर लागतो, ज्यांना हवा ते नाव देतात, ज्याची नोकरी सगळ्यांत जुनी त्याला तो मिळतो. संपलं. कोण जोरात चालतो, कोण कुत्र्यांना घाबरतो, कोण साहेबाला आवडतो, याचा संबंध नाही. "आमच्यात एक जण अतिशय गचाळ काम करायचा. त्याला सगळ्यांत सावलीचा रस्ता होता. आम्ही रोज शिव्या घालायचो त्याला," काका म्हणाले. "पण एकतीस वर्षांत मला कुणी पहिला म्हटलं नाही आणि पाचवाही म्हटलं नाही. म्हणून तर मला ही पाकिटं आवडतात. मी टेक्सासला नववं टाकलं तर टेक्सासमधल्या कुणाच्याही घरात काही होत नाही."

ते पुन्हा टोमॅटोकडे वळले. मी थोडा वेळ पाण्याची नळी धरून उभा राहिलो.

पुढचं वर्ष, २०२४, आमचं. प्लेऑफमध्ये चारच्या जागी बारा टीम आल्या. आता वाद मिटेल असं भाबड्या लोकांना वाटलं. मिटला नाही, चौथ्या-पाचव्यावरून उठून बाराव्या-तेराव्याशी जाऊन बसला. तीन सामने हरलेली अलाबामा घ्यायची की दोन हरलेली एसएमयू (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी)? कमिटीनं या वेळी रेकॉर्ड बघितलं, एसएमयूला घेतलं. एसएमयू पेन स्टेटकडून ३८–१० ने हरली, आणि वर्षभरापूर्वी जे हिशेबाच्या बाजूनं ओरडत होते त्यांतले निम्मे भाकिताच्या बाजूनं ओरडू लागले.

मीही त्यांतलाच. ३० नोव्हेंबरला आमच्या मैदानावर उत्तरेकडची टीम आली. पाच सामने हरून आलेली. आम्ही दुसऱ्या नंबरवर. १३–१० ने हरलो. सामन्यानंतर त्यांनी आमच्या मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायचा प्रयत्न केला, मारामारी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. शहरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. आमच्या टीमच्या प्रशिक्षकाला हाकला, असं माझा न्हावीसुद्धा म्हणत होता. मंगळवारी आम्ही सहावे झालो. आणि मी, तेरापैकी तेराचा वकील, सोफ्यावरून सांगत होतो की निकालावर जाऊ नका, ही टीम बघा, हिच्यात किती ताकद आहे ते बघा.

काकांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

जुन्या, चार टीमच्या पद्धतीत आम्ही बाहेर असतो. नव्या पद्धतीत आठव्या मानांकनानं आत आलो, टेनेसीला, ऑरेगनला, टेक्सासला हरवलं आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोटर डेमला ३४–२३ ने हरवून विजेते झालो. काकांचं त्या हंगामाचं शेवटचं पाकीट माझ्याकडे आहे, मी मागून घेतलं. पहिलं नाव ओहायो स्टेट. त्याच्या उजव्या बाजूला, एकदम बारीक पेन्सिलीत: '३० नोव्हें., १०–१३'.

यंदा, म्हणजे २०२५ च्या हंगामात, परवाच्या शनिवारी, चार वर्षं ओळीनं हरल्यावर, आम्ही उत्तरेकडच्या टीमला तिच्याच घरी २७–९ ने हरवलं. बारापैकी बारा. शेजारचं इंडियाना, जे इतकी वर्षं या खेळात कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, तेही बारापैकी बारा. येत्या शनिवारी दोघं इंडियानापोलिसला भिडतील, त्यामुळं वरच्या दोन जागांबद्दल भांडायला काही उरलेलं नाही. भांडण खाली आहे. काल रात्री यादी लागली: नोटर डेम दहावी, मायामी बारावी. दोघींच्याही दोन-दोन हारी.

आज सकाळी आईचा फोन आला तेव्हा तिला हेच सांगत होतो.

"मग त्या दोघींना एकदा खेळवून का नाही बघत?" आई म्हणाली. चौदा वर्षं तोच प्रश्न.

"खेळल्या ना आई. ऑगस्टमध्येच खेळल्या."

"मग? कोण जिंकलं?"

"मायामी. २७–२४."

आई गप्प. लाइन गेली की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

"आणि वर कोण आहे म्हणालास?"

"नोटर डेम."

"आणि हे कोण ठरवतं?"

"तेरा माणसं. एका हॉटेलात बसतात."

"जेवायला-बिवायला बरं मिळतं का त्यांना?" आईनं विचारलं, आणि मग ती काकूंच्या गुडघ्याकडे वळली.

आमचं कॅलिब्रेशन उद्या सकाळी दहाला आहे. या वेळी माझ्या यादीत सात नावं आहेत. प्रत्येकाच्या पुढं मी जानेवारीपासूनच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत, पेनानं. चौथ्या आणि पाचव्या नावांची जागा कालपासून दोनदा बदलली आहे. कागद खराब झाला म्हणून आता नवीन घेतला. घरात कोरा कागद सापडेना, गॅसच्या बिलाचं पाकीट होतं.